दोन उपचार एकाच कणात बसत असतील तर केमो अंगभर कशाला?

मधली_सुट्टी

एका बातमीनं २०२४ पासून डोक्यात घर केलंय. घरीदारी कुणाला सांगावं तर "हो का, छान" यापुढे गाडी जात नाही. म्हणून शेवटी धागा काढतेय.

अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या ॲना जॅक्लेनेक आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटानं बारीक घनाकृती कण बनवले. एकेक कण २०० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे नजर धड असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसावा एवढा. शरीरात सावकाश विघटन होणारं पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं पॉलिमर, त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे अतिपातळ पापुद्रे आणि जोडीला केमोचं औषध. हे कण सुईनं थेट गाठीत सोडायचे. बाहेरून अवरक्त लेसर मारला की पापुद्रे तापतात, तापमान ५० अंशांच्या आसपास जातं आणि गाठीतल्या पेशी भाजून निघतात. त्याच उष्णतेनं पॉलिमर सैल होऊन औषध सुटतं. लेसर बंद केला की औषधही थांबतं. तीन मिनिटांचा लेसर, तीन दिवसांनी पुन्हा, अशा तीन फेऱ्या. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनची किंवा HER2 ची औषधं लागू न पडणाऱ्या) स्तनकर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना साधारण २५ कण टोचले होते. गाठी नाहीशा झाल्या.

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, घरात आजार पाहिलेली आहे. प्रश्न दोन. गाठीतच दोन उपचार नेऊन ठेवता येत असतील, तर शिरेतून सगळ्या अंगभर औषध फिरवायचं कारणच काय उरतं? आणि सगळं जग नॅनो नॅनो करत असताना ही मंडळी उलट मोठे कण का करतायत?

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, फक्त कंसात तसं सांगावं.

टवाळ

(अजाणकार) रुमाल टाकून ठेवतो. पॉलिमरपंत येईपर्यंत जागा सांभाळतो.

पॉलिमरपंत

आलो. रुमाल उचल.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, तो सोपा आहे. आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाच्या असतात. २०० मायक्रोमीटरचा कण शिरेत सोडलात तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकेल आणि रोग्याचा जीव धोक्यात येईल. शिरेतून द्यायचं असेल तर नॅनोच हवं, तिथे पर्याय नाही. लोक नॅनोच्या मागे लागले त्याला आणखी एक कारण होतं. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला निचराही धड नसतो, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साचतात. मग सगळ्यांना वाटलं की नुसतं योग्य आकाराचं काही रक्तात सोडा, ते आपणहून गाठीत जाऊन बसेल.

प्रत्यक्षात काय झालं? २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा निघाला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक ०.७ टक्के. उरलेले मुख्यतः यकृत आणि प्लीहा खाऊन टाकतात. हा आकडा मोजण्याच्या पद्धतीवरून वाद झाले, पण कसाही मोजा, तो फार वर जात नाही.

मोठ्या कणाला पत्ता शोधायचाच नसतो. आपण हाताला धरून नेऊन बसवतो आणि तो तिथेच बसतो. शिवाय पोटात माल जास्त मावतो.

निवृत्त_गणिती

पंतांच्या शेवटच्या वाक्याला आकडा जोडतो. २०० मायक्रोमीटरच्या एका घनाचे आकारमान १०० नॅनोमीटर व्यासाच्या गोलकाच्या सुमारे १५०० कोटी पट भरते. म्हणूनच २५ कणांत काम भागू शकते.

दहा_अकराचा_पाना

(पूर्ण अजाणकार) एक मिनिट. मॉलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे आमचं मॉली ग्रीस? काळं असतं ते? मी आयुष्यभर बेअरिंगला लावत आलो. गाठीत घालतात???

पॉलिमरपंत

तेच, पाना. फक्त तुमच्या डब्यात भुकटी असते आणि इथे एकेक पापुद्रा सुटा केलेला. काळं आहे म्हणूनच कामाचं: जवळची अवरक्त किरणं चांगली शोषतं आणि त्याची उष्णता करतं. सोन्याचे नॅनोकण, कार्बनच्या नळ्या हे सगळं याच कामासाठी वापरून झालंय. मॉलिब्डेनम शरीराला अत्यल्प लागतोही. अर्थात "लागतो" म्हणून "कितीही चालतो" असं होत नाही.

टवाळ

थोडक्यात, पानानं ग्रीसचा डबा घेऊन लगेच निघू नये.

तिरकस

उत्साहावर पाणी ओतायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. उंदरांच्या गाठी बऱ्या करण्यात माणूस केव्हाच पारंगत झालेला आहे. कातडीखाली मुद्दाम वाढवलेली, वाटाण्याएवढी, जागा ठाऊक असलेली गाठ. तिच्यात सुई घालणं सोपं, लेसर मारणं सोपं. अवरक्त किरणं मांसात सेंटिमीटरभर आत जाईतो बरीचशी विखरून जातात. स्वादुपिंडातल्या गाठीला लेसर कुठून मारणार?

आणि "उष्णता अधिक औषध" ही कल्पना माणसांवर मोठ्या प्रमाणात करून झाली आहे, हे बातमीवाले लिहीत नाहीत. थर्मोडॉक्स नावाचं औषध होतं: डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध भरलेले लायपोसोम, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्या, ४० अंशांच्या वर फुटणाऱ्या. यकृतातली गाठ रेडिओलहरींनी भाजायची आणि त्याच वेळी हे शिरेतून द्यायचं. कागदावर इतकं देखणं की कुणीही भाळावं. हीट नावाच्या चाचणीत ७०१ रुग्ण होते. २०१३ मध्ये निकाल आला, फरक नाही. मग त्याच आकड्यांत मागाहून उकरून "ज्यांची गाठ ४५ मिनिटांहून जास्त वेळ भाजली त्यांच्यात फायदा दिसतोय" असं सापडलं. त्यावर ऑप्टिमा ही दुसरी चाचणी उभी केली. २०२० मध्ये तीही फायद्याची आशा नाही म्हणून गुंडाळायच्या मार्गाला लागली.

आता बोला.

रात्रपाळी

मी केमो वॉर्डात काम करते, त्यामुळे डॉक्सोरुबिसिनबद्दल थोडं सांगू शकते. नुसती नावं वाचून ते डोळ्यांसमोर येत नाही.

रंग लाल, केशरीकडे झुकणारा. आधी शीर बघायची, पोर्ट (कातडीखाली बसवलेली औषधाची वाट) असेल तर पोर्ट. सलाइन सोडायचं, सिरिंज मागे ओढून रक्त येतंय का बघायचं आणि मगच औषध. तेही चालत्या सलाइनच्या सोबत, हळू. दर थोड्या मिलिलिटरनंतर पुन्हा मागे ओढून रक्त बघायचं. पेशंटला सारखं विचारायचं, "आग होतेय का? टोचतंय का?" कारण हे औषध शिरेबाहेर कातडीखाली झिरपलं तर तिथलं मांस मरतं. आठवड्यानंतरसुद्धा जखम वाढत राहते, कधीकधी सर्जनला बोलवावं लागतं. आणि आठवणीनं सांगायचं की एकदोन दिवस लघवी लाल होईल, ते रक्त नाही. नाहीतर रात्री दोनला फोन येतोच.

हृदयाचं वेगळंच. आयुष्यभरात किती दिलं याची बेरीज ठेवतात, साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम दर चौरस मीटरला या पट्ट्यात हात आखडता घेतात. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), मधे इको. काही पेशंट असे असतात की औषध लागू पडतंय, पण बेरीज संपली.

म्हणून पॉलिमरपंतांना विचारते. जे औषध मांसात उतरू नये म्हणून आम्ही जिवाचं रान करतो, तेच तुम्ही मुद्दाम मांसात नेऊन ठेवताय. गाठीच्या कडेला एखादा कण बसला आणि औषध बाहेर झिरपलं तर?

टवाळ

यावर गप्प बसून वाचतोय.

किरणोत्सारी

रात्रपाळीताईंच्या प्रश्नाचं उत्तर पंत देतीलच, पण हे माणसांमध्ये रोज चाललेलं आहे. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, म्हणजे पडद्यावर बघत नळी घालून उपचार करतात तिथे, तंत्रज्ञ आहे.

यकृताच्या गाठींसाठी डॉक्सोरुबिसिन भरलेले मणी वापरतात. नेहमीचे आकार १०० ते ३०० किंवा ३०० ते ५०० मायक्रोमीटर, म्हणजे धाग्यातल्या घनाच्याच जातकुळीतले. मणी बाटलीत पांढरट निळसर असतात. त्यांच्यावर औषध ओतून ठेवलं की ते रंग ओढून घेतात. हळूहळू मणी लाल होत जातात आणि वरचं द्रावण फिकं पडतं. मग मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून यकृताच्या धमनीत, शक्यतो गाठीला पोसणाऱ्या फांदीत, हे सोडायचे. यकृताची गंमत अशी की निरोगी यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून येतं, पण गाठ मात्र जवळजवळ सगळी धमनीवर जगते. म्हणजे धमनी तुंबवली की गाठीची उपासमार होते आणि तिथेच औषधही सुटतं. दोन उपचार, एक मणी! इथे मोठं असणं हाच गुण आहे, कारण अडकणं हेच काम आहे.

दुसरा प्रकार यिट्रियम ९० चा. २० ते ६० मायक्रोमीटरचे काचेचे किंवा रेझिनचे मणी, स्वतःच किरणोत्सारी. अर्धायुष्य ६४ तास. किरणं मांसात सरासरी अडीच मिलिमीटर जातात, म्हणून गाठीला जबर मात्रा बसते आणि बाकीचं यकृत बरंचसं वाचतं. आधी चाचणीसाठी दुसरे कण सोडून किती फुप्फुसात निसटतात ते मोजतात, कारण काही गाठींमध्ये धमनीतून शिरेत आडवाटा असतात.

तिरकस, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: निकाल मिश्र आहेत. डॉक्सोरुबिसिनच्या मण्यांनी यकृत आणि हृदय यांचा त्रास कमी झाला, पण जुन्या पद्धतीपेक्षा लोक जास्त जगले असं सिद्ध झालं नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्यांना पहिल्याच केमोबरोबर यिट्रियम दिलं त्या तीन चाचण्यांची एकत्र बेरीज २०१७ मध्ये आली. यकृतातली वाढ थोपली, एकूण आयुर्मान तेवढंच.

तिरकस

किरणोत्सारी, तुम्ही माझा प्रतिसाद माझ्याआधी लिहायला लागलात तर मी करायचं काय?

पण तो शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. यकृतात जिंकले आणि आयुष्यात बरोबरी. का, हेच या धाग्याचं खरं उत्तर असावं.

उंटावरची_शहाणी

अवांतर: माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटसाठी महिन्याचं इंजेक्शन असायचं. भुकटी आणि द्रव एकाच सिरिंजमध्ये दोन कप्प्यांत, हलवून मिसळलं की दुधट व्हायचं. सिस्टर म्हणायच्या, मिसळलं की लगेच द्यायचं, नाहीतर खाली बसतं. हे त्याच प्रकारातलं का? दर वेळी सुई केवढी जाड म्हणून कुरकुरायचे. आजाराबद्दल मात्र अवाक्षर नाही.

पॉलिमरपंत

शहाणीताई, अवांतर कसलं, हाच या घराण्याचा मूळपुरुष! ल्युप्रोलाइड भरलेले सूक्ष्मगोल, अमेरिकेत १९८९ पासून महिन्याच्या इंजेक्शनच्या रूपात. कण असल्यामुळे खाली बसतात, आणि कण असल्यामुळेच सुई जाड.

आता रात्रपाळी. तुमचा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागलाय. उत्तर द्यायला प्रयोगशाळेत न्यावं लागेल.

सूक्ष्मगोल करायची जुनी रीत अशी. पीएलजीए हे पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं. औषधाचं पाणी त्यात घोटायचं. ते मिश्रण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात ओतून जोरात फिरवायचं. पांढरं गढूळ होतं, थेंबाथेंबांचं. मग कित्येक तास हळू ढवळत ठेवायचं. द्रावक उडून जातं, थेंब घट्ट होऊन कण बनतात. ते चाळायचे, धुवायचे, गोठवून वाळवायचे. डॉक्सोरुबिसिनचं क्षार पाण्यात सुखानं विरघळतं, त्यामुळे कण घट्ट होण्याआधी ते बाहेर पळतं. सकाळी बाहेरचं पाणी गुलाबी दिसलं की समजायचं, निम्मं औषध मोरीत गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर एक कण पाच मायक्रोमीटरचा, शेजारचा पन्नासाचा.

आणि जे औषध पृष्ठभागालगत राहतं ते टोचल्या टोचल्या पहिल्या दिवसात भसकन बाहेर येतं. एवढं एक भूत उतरवण्यात या क्षेत्रातल्या लोकांची हयात गेली. रात्रपाळीताईंची भीती हीच: कडेच्या कणातून पहिल्याच दिवशी लोंढा.

धाग्यातल्या घनांची खरी करामत मला इथे दिसते. ते थेंबांतून केलेले नाहीत, साच्यात दाबून केलेले आहेत, म्हणून सगळे एका मापाचे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन फार सावकाश झिजतं आणि अंगाच्या ३७ अंशांना घट्ट राहतं. लेसर नसेल तर औषध जवळपास कोंडलेलं. त्यांनी डॉक्सोरुबिसिन वापरलं तसंच व्हायोलासिन नावाचं जिवाणूंपासून मिळणारं द्रव्यही वापरलं. एक पाण्यात विरघळणारं, दुसरं न विरघळणारं. दोन्ही चालली. लेसरची ताकद, वेळ आणि पापुद्र्यांचं प्रमाण यांची सांगड संगणकाला शिकवून काढली. एकूण औषधही शिरेतून देतात त्याच्या मानानं फारच थोडं.

तरीही कडेचा कण कडेलाच आहे. निरोगी मांसाला चटका बसेल, पन्नास अंश त्यालाही पन्नास अंशच. हे मी नाकारत नाही.

निवृत्त_गणिती

आतापर्यंत सर्वांनी "दोन उपचार एकत्र" हे शब्द फार सैलपणे वापरले. एकत्र याचे निदान तीन अर्थ आहेत आणि कणाचा उपयोग प्रत्येकात निराळा आहे.

पहिला, प्रमाण. दोन औषधे परीक्षानळीत एका विशिष्ट प्रमाणात एकमेकांना बळ देतात आणि दुसऱ्या प्रमाणात एकमेकांच्या पायात येतात. शिरेतून वेगवेगळी दिली तर प्रत्येकाचा निचरा वेगळ्या गतीने होतो आणि गाठीत पोचेपर्यंत प्रमाण पार बिघडलेले असते. यावरचे सर्वांत स्वच्छ उदाहरण व्हिक्सिऑस. सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन एकाच लायपोसोममध्ये, रेणूंच्या ५ : १ या प्रमाणात कोंडलेली. दोन्ही औषधे जुनीच आहेत. २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ६० ते ७५ वयाच्या, वाईट प्रकारच्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांत मध्यक आयुर्मान ५.९५ महिन्यांवरून ९.५६ महिन्यांवर गेले. नवीन रेणू एकही नाही, केवळ प्रमाण टिकवले.

दुसरा, क्रम. २०१२ मध्ये एमआयटीच्याच मायकेल याफी यांच्या गटाने ट्रिपल निगेटिव्ह पेशींवर दाखवले की आधी एर्लोटिनिब (पेशीला मिळणारे वाढीचे संदेश अडवणारे औषध) देऊन काही तासांनी डॉक्सोरुबिसिन दिले तर पेशी कितीतरी जास्त मरतात. एकदम किंवा उलट क्रमाने दिले तर हा लाभ नाही. पहिले औषध पेशीची अंतर्गत जोडणी बदलते आणि मग ती दुसऱ्याला बळी पडते. २०१४ मध्ये पॉला हॅमंड यांच्याबरोबर त्यांनी असा कण केला की आवरणातून एर्लोटिनिब आधी सुटते आणि गाभ्यातून डॉक्सोरुबिसिन नंतर. म्हणजे कण हे नुसते भांडे नसून वेळापत्रकही असू शकते.

तिसरा, जागा. यावर वर भरपूर झाले आहे.

आता अडचण. २०१७ मध्ये पामर आणि सॉर्गर यांनी अनेक चाचण्यांचे आकडे तपासून दाखवले की रुग्णालयात यशस्वी ठरलेल्या बऱ्याच जोड्यांमध्ये औषधे एकमेकांना बळ देत असल्याचे मानायची गरजच पडत नाही. दोन लॉटऱ्यांची एकेक तिकिटे घेतली तर एक तरी लागण्याची शक्यता वाढते, तेवढेच. एका रुग्णाला पहिले लागू पडते, दुसऱ्याला दुसरे. तसे असेल तर दोन्ही एकाच कणात एकाच क्षणी पोचवण्याचा आटापिटा कशासाठी?

पॉलिमरपंत

काका, दंडवत. पण शेवटच्या परिच्छेदाशी भांडतो.

ते विश्लेषण मुख्यतः औषध अधिक औषध याबद्दल आहे. उष्णता हे तिकीट नाही. उष्णतेनं पेशीचं आवरण जास्त पारगम्य होतं, गाठीतला रक्तप्रवाह बदलतो, डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं ढेपाळतात. डॉक्सोरुबिसिन डीएनएवरच घाव घालतं. म्हणजे त्याच जागी, त्याच वेळी दोन्ही असण्याला कारण आहे. दहा मिनिटांच्या अंतरानं किंवा दहा मिलिमीटर लांब असून ते साधत नाही.

निवृत्त_गणिती

मान्य, उष्णतेपुरते. मात्र कणात दोन औषधे भरून "संयुक्त उपचार" अशी पाटी लावणाऱ्या शोधनिबंधांना माझा आक्षेप कायम. क्रम का, प्रमाण का, हे न सांगता नुसते सोयीसाठी एकत्र भरलेले असते.

तिरकस

+१. आणि कण केल्यावर कारण शोधलेलं असतं.

नक्षत्र

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. रात्रपाळीताई, तुमच्या लाल औषधाच्या वर्णनानं हातात पुन्हा थंड वाटलं. आम्ही वॉर्डात एकमेकींना "तुझं लाल संपलं का" असंच विचारायचो.

मधली_सुट्टी, तुमचा पहिला प्रश्न मी माझ्या डॉक्टरांना जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. कण वगैरे मला माहीत नव्हते, मी एवढंच म्हटलं की गाठीतच औषध का नाही टोचत? त्या म्हणाल्या, "कुठल्या गाठीत? ती तर आपण काढून टाकली."

माझी केमो शस्त्रक्रियेनंतर सुरू झाली. अंगात दिसण्यासारखं काहीच नव्हतं. स्कॅन स्वच्छ. औषध होतं ते न दिसणाऱ्या, कुठे आहेत की नाहीत हेही न कळणाऱ्या पेशींसाठी. तिथे सुई कुठे घालणार आणि लेसर कुठे धरणार? केस गेले, नखं काळी पडली, तोंड आलं, ते सगळं याच कारणासाठी की औषधाला अंगातल्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन यायचं होतं. मला त्या वेळी हे कळलं आणि राग थोडा कमी झाला. पूर्ण नाही.

मधली_सुट्टी

नक्षत्र, थेट उत्तर मिळालं. आईच्या वेळी हे कुणी असं समजावून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. तिकडे "प्रोटोकॉल आहे" एवढंच ऐकलं.

तिरकस

आणि किरणोत्सारींच्या यकृतातल्या कोड्याचं उत्तरही हेच. यकृतापुरती लढाई जिंकली, पण आजार फक्त यकृतात नव्हता.

वाचनमात्र

गाठ काढल्यावर "तिथे" काही ठेवताच येत नाही असं मात्र नाही. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमासाठी ग्लायडेल नावाच्या चकत्या आहेत. गाठ काढून झालेल्या पोकळीच्या भिंतीला आठपर्यंत चकत्या लावतात, प्रत्येकीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टिन, आणि दोनतीन आठवड्यांत औषध सुटतं. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता. यातही लँगर आहेतच. मेंदूत हे पटतं, कारण रक्तातलं बरंचसं औषध मेंदूत शिरूच शकत नाही आणि हा आजार परततो तो बहुधा त्याच पोकळीच्या आसपास. नव्यानं निदान झालेल्यांच्या चाचणीत रेडिएशनबरोबर चकत्या दिल्या तर मध्यक आयुर्मान १३.९ महिने, नुसत्या कोऱ्या चकत्या आणि रेडिएशन असेल तर ११.६.

दोन महिने आणि थोडे दिवस. औषध काही मिलिमीटरच आत झिरपतं, पेशी त्याच्या पलीकडे गेलेल्या असतात.

दहा_अकराचा_पाना

कोऱ्या चकत्या म्हणजे औषधच नसलेल्या? मेंदूत? आणि लोक तयार झाले?

वाचनमात्र

हो. तयार झाले म्हणूनच आपल्याला तो आकडा माहीत आहे.

रात्रपाळी

पंत, उत्तर पोचलं. आता वॉर्डातला शेवटचा प्रश्न. सलाइन चालू असताना पेशंटला काही झालं तर मी चिमटा बंद करते. बस. इथे कण आत गेल्यावर काही झालं तर बंद काय करायचं?

पॉलिमरपंत

लेसर मारायचा नाही. कोंडलेलं औषध बहुतांशी कोंडलेलंच राहील. पण कण परत काढता येत नाहीत, गाठ काढली तरच त्यांच्यासकट निघतात. म्हणून मला वाटतं असलं काही माणसांत आलंच तर आधी अशा गाठींत येईल ज्या तशाही काही आठवड्यांनी काढायच्या असतात. शिरेतली केमो चालूच, जोडीला कण. तिच्या ऐवजी नाही.

किरणोत्सारी

पंतांच्या या वाक्यावरून आठवलं. "काढायच्याच आहेत त्या गाठीत काहीतरी ठेवा" हे माणसांत चालू झालेलं आहे, फक्त हेतू उलटा आहे. लँगर यांच्याच प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये आलेलं, पुढे ऑलिव्हर योनास यांनी वाढवलेलं एक उपकरण आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान, जेमतेम ४ मिलिमीटर लांब. त्याच्या अंगावर बारीक खड्डे, प्रत्येकात वेगळं औषध किंवा औषधांची जोडी, तीही अगदी कणभर. सुईनं गाठीत सोडायचं. प्रत्येक खड्ड्यासमोरच्या तेवढ्याशा मांसात तेवढंच औषध झिरपतं. मग आजूबाजूच्या मांसासकट काढून घ्यायचं आणि काप घेऊन बघायचं, कुठल्या खड्ड्यासमोरच्या पेशी मेल्या. मेंदूच्या गाठींत तर शस्त्रक्रिया चालू असतानाच काही तास ठेवून गाठीबरोबर बाहेर काढलंय.

निवृत्त_गणिती

म्हणजे कोणते तिकीट लागणार ते आधीच विचारून घ्यायचे! हे मला कणापेक्षा जास्त पटले. माझा वरचा आक्षेप यात बराचसा सुटतो, कारण जोडी त्या एका रुग्णाच्या गाठीलाच विचारून ठरते.

मधली_सुट्टी

आणि ठरलेली जोडी द्यायची कशी? शिरेतूनच ना?

किरणोत्सारी

शिरेतून. अंगभर.

तिरकस

पण एका गाठीच्या एका कोपऱ्यानं दिलेलं उत्तर दुसऱ्या कोपऱ्यालाही लागू असतं का? गाठीत पेशींचे दहा गट असतात.

किरणोत्सारी

नेहमी नसतं. म्हणून एकाहून जास्त उपकरणं, वेगवेगळ्या जागी. त्यावर वेगळा धागा काढा, इथे आता पानं फार झाली.

टवाळ

तिरकसनं काढावा. रुमाल माझ्याकडे आहेच.